नखाएवढी आयसी

गाडीची स्क्रीन पहिल्यांदा पूर्ण काळी पडली तेव्हा मी उदगीर ओलांडून देगलूरच्या रस्त्याला लागले होते आणि शेजारच्या सीटवर माझी माय बसली होती. तिच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नांदेडला झालं होतं. त्यानंतर पंधरा दिवस ती लातूरला माझ्याकडे राहिली, आणि आता तिला गावी पोचवायला मी निघाले होते. मे महिना होता. सकाळचे दहासुद्धा वाजले नव्हते, तरी डांबर तापून चमकत होतं.

माझ्या गाडीत स्टिअरिंगच्या मागे काटे वगैरे काही नाहीत. वेग, बॅटरीत उरलेलं चार्जिंग, एसीची बटणं, मागचा कॅमेरा, रेडिओ, सगळं मधल्या एका मोठ्या स्क्रीनवर. ती गेली तशी आधी गार हवा थांबली. मग लक्षात आलं की आपण किती वेगात चाललोय तेही आता कळत नाही. गाडी मात्र गुपचूप पळतच होती.

"टीव्ही बंद पडला का गं?" मायनं विचारलं. त्या स्क्रीनला ती पहिल्या दिवसापासून टीव्ही म्हणते.

मी काचा खाली केल्या, गाडी एका लिंबाखाली घेतली आणि स्टिअरिंगवरची दोन बटणं एकदम दाबून धरली. महिनाभरापूर्वी नकाशा अडकायला लागला होता तेव्हा हा उपाय मी शोधून काढला होता. तेव्हा अर्ध्या मिनिटात स्क्रीन परत यायची. त्या दिवशी यायला बराच वेळ लागला. माय पदरानं वारा घेत बसली होती, काळा चष्मा लावून, आणि एकदाही कुरकुरली नाही. स्क्रीन आली, आणि गावाच्या कमानीपाशी पुन्हा गेली.

ही गाडी माझ्यासाठी काय आहे ते इथं सांगायला हवं. मी लातूरच्या आयटीआयमध्ये मुलींना शिवणकाम शिकवते. लग्नानंतर दोन वर्षांनी नवऱ्यानं मला जीप शिकवायचा प्रयत्न केला होता. क्लच सोडताना माझा पाय थरथरायचा, गाडी उसळी मारून बंद पडायची, आणि तिसऱ्या दिवशी मी रेणापूरच्या आमच्या शेतातल्या गोठ्याचा खांब पाडला. कुणी रागावलं नाही. सगळे हसले. ते हसणं वर्षानुवर्षं चाललं, घरात पाहुणे आले की एकदा तरी खांबाची गोष्ट निघायचीच. मी पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाही.

वडील गेल्यावर माय गावात एकटी राहू लागली. देगलूरपासून सात-आठ किलोमीटरवरचं गाव. मी दर दुसऱ्या रविवारी जायचे. लातूरहून उदगीर, उदगीरला गाडी बदलून देगलूर, पुढं मिळेल ती जीप. जायला पाच तास, यायला पाच तास, आणि मायजवळ बसायला दीड तास. नवरा कधी सोडायला यायचा, पण त्याची शाळेतली कारकुनी, वर शेताचं बघणं. त्याला दर वेळी म्हणणं मला जड जायचं.

मग सेहेचाळिसाव्या वर्षी आयटीआयमधल्या एका बाईंच्या इलेक्ट्रिक गाडीत मी बसले. क्लच नाही, गिअर नाही. त्यांनी मैदानात मला दोन फेऱ्या मारायला लावल्या. मी उतरले तेव्हा ओठ कोरडे पडले होते, पण पाय थरथरत नव्हता. पुढच्या दिवाळीच्या आत आम्ही हैदराबादच्या एका डॉक्टरांकडून त्यांची सहा वर्षं वापरलेली गाडी घेतली. बाहेरच्या देशात बनलेली, आपल्याकडं फारशी न दिसणारी. नवऱ्याला ती पसंत नव्हती. जी गाडी पाना घेऊन उघडता येत नाही ती त्याला गाडीच वाटत नाही. तरी तो एकदा म्हणाला आणि गप्प बसला, त्याचं मला बरं वाटलं होतं.

त्या गाडीनं मी दोन वर्षं मायकडं गेले. एकटी. सकाळी सहाला निघाले की साडेआठला तिच्या अंगणात. तिच्याकडं पाण्याच्या मोटारीसाठी घेतलेला मोठा प्लग आहे, त्यावर गाडी लावायची आणि दिवसभर तिच्याजवळ राहायचं. ऑपरेशनच्या आधीच्या सगळ्या तपासण्यांना मीच तिला नांदेडला नेलं.

तर, स्क्रीन. त्या दिवशी मायला पोचवून मी कशीबशी परत आले, पुढच्या ट्रकच्या वेगाचा अंदाज घेत. त्यानंतर पंधरवडाभर ती रोज जास्त बिघडत गेली. सगळ्यात मोठी अडचण वेगाची नव्हती, हवेचीही नव्हती. चार्जिंगचं झाकण उघडायचं बटण त्या स्क्रीनवरच होतं. म्हणजे दोन बटणं दाबून ती जिवंत करायची, दोन-तीन मिनिटं ती उजळायची, तेवढ्यात झाकण उघडून घ्यायचं. एकदा जमलं नाही तर गाडी उभी. मी तर झाकण बंदच करायचं सोडून दिलं आणि त्यावर जुन्या ब्लाऊजपिसाचं एक आच्छादन शिवून बांधलं.

कंपनीचा माणूस महिन्यातून एकदा लातूरला येतो. त्यानं लॅपटॉप लावला, बराच वेळ बघितलं आणि सांगितलं की स्क्रीनच्या मागचा अख्खा कॉम्प्युटर बदलावा लागेल. तो भारतात नाही, बाहेरून मागवावा लागेल, कधी येईल ते सांगता येत नाही. माझा चेहरा बघून असेल, पण वायर गुंडाळताना तो हळू आवाजात पुढं बोलला. खरं म्हणजे त्यातली मेमरीची एक चिप, आयसी म्हणतात तिला, झिजली आहे, नखाएवढी. बाकी सगळं चांगलं आहे. पण आम्हाला आयसी बदलायची परवानगी नाही, अख्खा डबाच बदलायचा असा नियम आहे.

झिजली, हा शब्द मी प्रथमच अशा वस्तूबद्दल ऐकत होते. सुई झिजते, कात्री झिजते, मशीनचा पट्टा झिजतो. ज्यात काही हलतच नाही ते कसं झिजेल?

रात्रीचं जेवण होण्याआधी मी नवऱ्याला सगळं सांगितलं. त्यानं हातातला पेपर खाली ठेवला. मग म्हणाला, "ठेवू नको आता तिला. विकून टाकू. आईकडं मी सोडून येत जाईन तुला."

त्यानं ते मनापासून म्हटलं होतं, हे मला आजही माहीत आहे. पण ‘सोडून येत जाईन’ हे तीन शब्द माझ्या छातीत अडकले. मी नुसतं बघू म्हटलं आणि ताटं घेतली.

दुसऱ्या दिवशी मी आमच्याकडच्या इलेक्ट्रॉनिक्स शिकवणाऱ्या सरांना गाठलं. ते निवृत्तीला आलेले, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी सांगितलं की आयसी बदलणं हे मोबाईलवाल्यांचं रोजचं काम आहे, पण दुकानाबाहेर पाटी असलेल्या प्रत्येकाचं नाही. नांदेडला वजिराबादेत एक बाई आहे, जिल्ह्यातले मोबाईलवाले स्वतःला न जमलेली कामं तिच्याकडं पाठवतात. नंबर त्यांच्याकडं होता.

मी फोन केला. आवाज तरुण होता, मराठीला तेलुगूची लय होती. मी गाडीचं सांगितलं. मग तिनं एकच प्रश्न विचारला.

"स्क्रीन अजून अधूनमधून लागते का, म्याडम?"

मी हो म्हटलं. दिवसातून चार-पाच वेळा मी ती लावते, चार्जिंग किती उरलं ते बघायला.

"मग आजपासून लावू नका. हातसुद्धा लावू नका. जितक्या बार लावाल तितकी ती अजून खराब होईल. मला तिच्यातला डेटा पायजे. तो गेला तर मी काहीच करू शकत न्हाई."

आणि लगेच पुढं, मी विचारायच्या आत, तिनं सांगून टाकलं की मोबाईल तिनं हजारांनी केलेत, ट्रकचे आणि जीपचे टेपही केलेत, पण इलेक्ट्रिक गाडीचं काम कधी केलं नाही. बघून जमण्यासारखं वाटलं तरच हात लावीन, नाहीतर जसं आणलं तसं परत देईन.

ते ऐकून माझा तिच्यावर विश्वास बसला.

पण स्क्रीन लावायची नाही तर गाडी नांदेडला न्यायची कशी? सरांनीच मार्ग काढला. घरापासून आयटीआयपर्यंत दोन किलोमीटर मी तशीच गाडी आणली. त्यांनी वर्कशॉपच्या शेडमध्ये आधी पुढची छोटी बॅटरी सोडवली, मग प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी स्क्रीनभोवतीची चौकट सैल केली. प्रत्येक वायर काढण्याआधी मी मोबाईलवर तिचा फोटो काढत होते आणि रंगीत दोऱ्याची गाठ मारत होते. कुठली वायर कुठं जाते ते नंतर चुकू नये म्हणून. दीड तासानं सरांनी तो डबा माझ्या हातात दिला. जाड पुस्तकाएवढा, पण वजनाला बराच जड. गाडीच्या मधोमध भगदाड पडलं होतं आणि त्यातून गाठी मारलेल्या वायरी लोंबत होत्या. मला बघवेना. मी त्यावर ओढणी टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या एसटीनं मी नांदेडला निघाले. डबा गोधडीत गुंडाळून मांडीवर घेतला होता. अहमदपूरच्या पुढं खराब रस्ता लागला तसे दोन्ही हात खाली घालून मी तो उचलून धरला. शेजारच्या बाईंनी विचारलं, लेकरू आहे का? मी म्हटलं, नाही, मशीन आहे. त्या जरा सरकून बसल्या.

दुकान म्हणजे एका मेडिकलच्या वरची लहानशी खोली. एक टेबल, त्यावर मायक्रोस्कोप, एका कोपऱ्यात ब्लोअर, आणि भिंतीला खुर्च्या. बाई पस्तिशीच्या असाव्यात. वडील धर्माबादच्या बाजारात घड्याळं दुरुस्त करायचे, तिथंच त्या बारीक काम शिकल्या, असं त्यांनी पुढं बोलता बोलता सांगितलं. डबा उघडून त्यांनी बोर्ड बाहेर काढला आणि पंधरा मिनिटं नुसता पाहिला. मी हात मांडीवर ठेवून बसले होते.

"हे बगा," त्या म्हणाल्या आणि चिमट्याच्या टोकानं एक काळा चौकोन दाखवला. खरंच माझ्या करंगळीच्या नखाएवढा. "हीच. मोबाईलमध्ये असते तीच जात हाय."

मग मी तो झिजण्याचा प्रश्न विचारला. त्यांनी सोपं करून सांगितलं. ह्या आयसीत लिहिलेलं पुसता येतं आणि त्याच जागी पुन्हा लिहिता येतं, पण किती वेळा त्याला हद्द असते. तुमची गाडी गप्प बसत नाही. दार उघडलं लिही, दार लावलं लिही, चाक वळलं लिही, सेकंदासेकंदाची नोंद करत राहते. जागा भरली की जुनं पुसून पुन्हा लिहिते. आठ वर्षं हे चाललं. ज्या जागी जास्त लिहिलं त्या जागा आधी गेल्या.

मला लगेच कळलं. एकाच जागी चार वेळा उसवून पुन्हा शिवलं की कापड विरतं, हे मी मुलींना दर वर्षी सांगते. तसं मी म्हटलं, तर त्या हसल्या. तेव्हापासून त्या मला म्याडमऐवजी ताई म्हणू लागल्या.

पण खरी गोष्ट त्यांनी नंतर सांगितली. नवी कोरी आयसी बसवून भागणार नव्हतं. ह्या गाडीची स्वतःची ओळख, तिच्या किल्ल्या म्हणजे गुप्त आकडे, जुन्या आयसीच्या एका छोट्या भागात ठेवलेल्या असतात. तो भाग जसाच्या तसा नव्यात उतरला तरच गाडी तिला आपली मानेल. तो भाग वाचता आला नाही तर विषय संपला, मग कंपनीच्या डब्याची वाट बघणं एवढंच.

"काढू का?" त्यांनी विचारलं. "एकदा काढली की मागं फिरता येत न्हाई."

मला नवऱ्याला फोन करावासा वाटला. मग वाटलं, तो काय सांगणार? ठेवू नको म्हणेल. गाडी माझी आहे, मीच ठरवायला हवं. मी म्हटलं, काढा.

ब्लोअरच्या गरम हवेनं आयसी सुटायला पाच-सात मिनिटं लागली असतील. त्या श्वास रोखून काम करत होत्या आणि त्यांच्याबरोबर मीही. चिमट्यात धरून त्यांनी ती उचलली, साफ केली, रीडर नावाच्या एका छोट्या डबीत बसवली आणि कॉम्प्युटरला जोडली. पडद्यावर लाल अक्षरं आली. वाचता येत नाही.

त्यांनी ती पुन्हा साफ केली. पुन्हा लाल अक्षरं. तिसऱ्यांदा वाचनाचा वेग अगदी कमी केला, तेव्हा एक हिरवी पट्टी इंच इंच पुढं सरकू लागली. आम्ही दोघींनी डबे उघडले. त्यांच्याकडं अंबाडीची भाजी होती, माझ्याकडं पोळी आणि शेंगदाण्याची चटणी. जेवण झालं तरी पट्टी पाव भागापुढं गेली नव्हती. तीनच्या सुमाराला ती एका जागी थांबली आणि थांबूनच राहिली.

"ते किल्ल्यांचंच ठिकाण हाय का?" मी विचारलं.

"आत्ता सांगता येत न्हाई, ताई. सबूर करा. ह्याला घाई केली तर हाय ते पण जाईल." त्यांनी सांगितलं की रात्रभर ही सावकाश चालू ठेवते, आणि बसवायचं काम तसंही मी सकाळीच करते, हात ताजे असतात तेव्हा. उद्या या.

लातूरला जाऊन परत येण्यापेक्षा मी नायगावमार्गे देगलूरची एसटी धरली आणि मायकडं गेले. तिचं नांदेडच्या डॉक्टरांना डोळा दाखवायचं राहिलंच होतं, ते उद्या करू असं ठरवलं. मी अशी अचानक, रिकाम्या हातानं, पायी आलेली बघून ती दारातच उभी राहिली. संध्याकाळी अंगणात बसून मी तिला सगळं सांगितलं. किल्ल्या, लाल अक्षरं, हिरवी पट्टी. तिला किती समजलं कोण जाणे. शेवटी ती म्हणाली, "गाडी ऱ्हाईल न्हाई तर जाईल. तू यायची थांबू नको, बाई. एसटीनं ये, पर ये."

गाडी घेतल्यापासून आपल्याला केवढा मोकळेपणा मिळाला एवढंच मी मोजत आले होते. तिकडं ती दर दुसऱ्या रविवारी अंगणातला मोटारीचा प्लग पुसून ठेवत होती, हे मला तिच्या शेजारणीनं त्या संध्याकाळी सांगितलं.

सकाळी आम्ही दोघी नांदेडला पोचलो आणि आधी दुकानात गेलो. मायचा हात धरून मी जिना चढले. बाई दारातच होत्या, डोळे तारवटलेले.

"वाचली," त्या म्हणाल्या.

त्यांनी आत नेऊन दाखवलं. थोड्या जागा मेल्या होत्या, तिथलं काहीच आलं नव्हतं. पण त्या सगळ्या नोंदींच्या आणि जुन्या नकाशांच्या भागातल्या होत्या. किल्ल्यांचा भाग पूर्ण आला होता. खात्रीसाठी त्यांनी तो तीन वेळा वाचून तिन्ही वेळचं ताडून पाहिलं होतं, आणि त्याची एक प्रत माझ्या हातात द्यायला पेनड्राईव्हवर घालून ठेवली होती. हा घरी जपून ठेवा म्हणाल्या, मी उद्या नसले तरी दुसऱ्या कुणाला तुमचं काम करता येईल.

माय खुर्चीत बसली तशी बाईंनी तिला विचारलं, "तिन्नावा अम्मा?" जेवलीस का, एवढंच. पण मायचा चेहरा खुलला. आमच्या गावाकडं निम्म्या घरांत तेलुगू बोलतात, बाजारात तर सगळेच बोलतात. त्या दोघींचं जे सुरू झालं त्यातलं मला अर्धंच कळत होतं. धर्माबादच्या मिरच्या, कुणाची तरी सोयरीक, मायचा डोळा.

काम सुरू करायच्या आधी बाईंनी मायला मायक्रोस्कोपपाशी बोलावलं. नव्या डोळ्यानं बघा म्हणाल्या. माय वाकली, काळा चष्मा कपाळावर सरकवला, आणि बराच वेळ तशीच राहिली. नव्या आयसीच्या पोटाला कथलाचे दीडशेवर मणी असतात, तेवढेच बोर्डावर ठिपके. प्रत्येक मणी आपल्या ठिपक्यावरच बसायला हवा.

"राजगिऱ्यावाणी दिसायलंय," माय म्हणाली. "एक एक दाणा येगळा दिसतो." मग माझ्याकडं वळून, "मला दिसलं, बाई."

डॉक्टरांनी दुपारी जे सांगितलं ते मला तिथंच कळून चुकलं होतं. डोळा उत्तम झाला होता.

बाईंनी बोर्डावर कथील नीट धरावं म्हणून फ्लक्सचं मलम लावलं, आयसी ठेवली, जागा पाहिली, पुन्हा काढली, पुन्हा ठेवली. ब्लोअर फिरू लागला. एका क्षणी आयसी स्वतःहून केसभर सरकली आणि जागेवर बसली. कथील वितळलं की ती आपली जागा आपणच धरते, असं त्यांनी नंतर सांगितलं. थंड होऊ दिल्यावर त्यांनी टेबलावरच डब्याला वीज जोडली. स्क्रीन आधी करडी झाली. मग पांढरी. मग कंपनीचं चिन्ह उमटलं आणि पाठोपाठ एक सूचना आली, गाडी सापडत नाही.

"गाडी लातूरला हाय, इथं कशी सापडंल," बाई म्हणाल्या. "इथवर आली म्हणजे अर्धं काम झालं. बाकीचं गाडीत बसवल्यावर कळंल."

मायला डॉक्टरांना दाखवून, तिला बरोबर घेऊनच मी लातूरला परतले. गोधडी ह्या वेळी तिच्या मांडीवर होती. मी घेऊ म्हटलं तर तिनं दिली नाही.

पुढच्या सकाळी आयटीआयच्या शेडमध्ये सरांनी डबा बसवला. मी दोऱ्याच्या गाठी बघून एकेक वायर त्यांच्या हातात देत गेले. नवराही आला होता, शाळेला उशीर करून. तो गाडीच्या दाराला हात लावून उभा होता. सरांनी शेवटी छोटी बॅटरी जोडली आणि मला आत बसायला सांगितलं.

काही झालं नाही. मग स्टिअरिंगखालून एक बारीक गुणगुण आली. स्क्रीन उजळली, चिन्ह आलं, गेलं, आणि पुन्हा काळोख. मी डोळे मिटून घेतले. तेवढ्यात माझी सीट हळूच पुढं सरकली आणि थोडी वर उचलली गेली, मी रोज ठेवते तेवढी. गाडीनं मला ओळखलं होतं. डोळे उघडले तर समोर सगळं होतं; चार्ज, तारीख, बाहेरचं तापमान. तारीख तेवढी चुकीची होती, दोन वर्षं मागची. मी झाकणाचं बटण दाबलं. मागून टक् असा आवाज आला.

मी एसी लावला आणि स्टिअरिंगवर कपाळ टेकून तशीच बसले. बाहेर सर नवऱ्याला काही समजावून सांगत होते. माय मागचं दार उघडून आत येऊन बसली आणि म्हणाली, थंड हाय.

रविवारी मायला गावी पोचवायला निघालो. नवरा म्हणाला मीही येतो. मी चावी त्याच्यापुढं धरली, सवयीनं. त्यानं ती घेतली नाही. मागं बसला, उशाला गोधडी घेतली आणि उदगीर यायच्या आधीच गाढ झोपला. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, पण मी गाडी चालवतेय आणि तो मागं झोपलाय, असं कधी झालं नव्हतं. आरशात मी दोनदा बघितलं. तोंड किंचित उघडं होतं.

देगलूरच्या अलीकडं स्क्रीनवर फोन वाजला. नांदेडच्या बाई. मी बोटानं उचलला आणि त्यांचा आवाज गाडीभर ऐकू आला.

"ताई, चालू हाय ना?"

मी म्हटलं, चालू आहे. तीन दिवसांत एकदाही बंद पडली नाही. आत्ता तिच्यातूनच बोलतेय.

मग त्या म्हणाल्या, "बरं झालं. आज पोटभर जेवते. त्या दिवशीपासून घास जात नव्हता मला."

मायनं पुढं वाकून स्क्रीनकडं तोंड केलं आणि तेलुगूत त्यांना जेवायला गावी बोलावलं. कधी येऊ, असं त्यांनी विचारलं. पुढच्या रविवारी, माय म्हणाली, माझी लेक नांदेडला येऊन तुला गाडीतनं घेऊन यील. मला तिनं विचारलंसुद्धा नाही. मी हो म्हटलं आणि वेग थोडा कमी केला, कारण पुढं रस्त्यात शेळ्या होत्या.